मूल मोजले, पीटीचा तास कोण मोजणार?

प्रगतिपुस्तकाच्या आतल्या पानावर, हजेरीच्या रकान्याखाली, ‘उंची’ आणि ‘वजन’ अशा दोन चौकटी असतात. सत्र संपताना त्या भरल्या जातात आणि मग त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. पुष्कळदा आकडे मोजलेलेही नसतात. मागच्या सत्राच्या उंचीत दोन सेंटिमीटर आणि वजनात किलोभर मिळवून मोकळे व्हायचे, असा प्रकार. २०१९ मध्ये ‘फिट इंडिया’ची घोषणा झाली, ‘खेलो इंडिया’च्या शालेय चाचण्यांत बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, आला आणि या चौकटींना एकदम भाव आला. मोजण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो एकतर्फी मोजण्याला. मुलाच्या शरीराचा हिशेब शाळा मागते. पण त्याच मुलाला ती दिवसातून किती मिनिटे हलू देते, याचा रकाना कुठल्याच दप्तरात नाही.

आधी मोजण्याकडेच पाहू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. ११ वर्षांचा मुलगा, उंची १४० सेंटिमीटर, वजन ३८ किलो. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे: ३८ भागिले १.९६, म्हणजे १९.४. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलग्यासाठी जादा वजनाची रेष १९.२ च्या आसपास आहे. मुलगा रेषेच्या किंचित वर. आता त्याच मुलाला बूट घालून मोजा. उंची १४२ झाली, बीएमआय १८.८, मुलगा ‘नॉर्मल’. बूट काढले पण स्वेटर, खिशातली चिल्लर आणि नुकताच खाल्लेला डबा तसाच ठेवून वजन केले, ते ३९ भरले, बीएमआय १९.९. मूल एकच, दुपार एकच, आणि शेरे दोन.

म्हणून थोडी शिस्त लागते. भिंतीवर टेप चिकटवताना खाली स्कर्टिंगची पट्टी नसलेली जागा निवडावी. पट्टी असली की टाचा भिंतीपासून बोटभर पुढे येतात आणि मूल मागे रेलते. टाचा, ढुंगण आणि खांदे भिंतीला टेकलेले हवेत. मान अशी की कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत येईल. मग डोक्यावर सुताराचा गुण्या ठेवायचा, एक बाजू भिंतीला घट्ट लावून. हातात पट्टी धरून अंदाजाने रेघ मारली की सेंटिमीटरभर इकडेतिकडे ठरलेलेच. वेण्या वर बांधलेल्या असतील तर सोडायच्या. दोन वेळा मोजायचे. अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. सकाळी मोजलेली उंची संध्याकाळी जवळजवळ सेंटिमीटरने कमी भरते, तेव्हा दर वेळी दिवसाची तीच वेळ ठेवावी. वजनकाटा सतरंजीवर नको, सपाट फरशीवर हवा. तो खरा आहे की नाही हे पाहायला कॅनमध्ये मोजून १० लिटर पाणी भरा. रिकामा आणि भरलेला कॅन यांत १० किलोचा फरक दिसला पाहिजे.

एवढे करूनही तक्ता चुकला तर सगळे पाण्यात. इथे तर फारच मोठी गफलत होते. मोठ्या माणसांची १८.५ ते २५ ही पट्टी जशीच्या तशी मुलांना लावली जाते. १० वर्षांच्या मुलाचा किंवा मुलीचा बीएमआय साधारण साडेसोळा असतो, तोच मध्य आहे. मोठ्यांच्या पट्टीवर ते मूल ‘अंडरवेट’ ठरते. मग घरी तुपाची धार आणि दुधात पावडर सुरू. जन्मानंतर वर्षभराने बीएमआय उतरू लागतो, पाच-सहा वर्षांच्या सुमारास तळ गाठतो आणि पुन्हा चढतो. ज्या वयात मूल काटकुळे दिसणे स्वाभाविक आहे, नेमके त्याच वयात आज्या ‘हाडं दिसायला लागली पोराची’ म्हणून हळहळतात. हा चढ लवकर, म्हणजे तीन-चार वर्षांतच सुरू झाला, तर पुढे लठ्ठपणाचा धोका वाढतो. आज्यांना हे कुणी सांगितलेले नसते, आणि बालवाडीतल्या बाईंनाही नाही.

दुसरी अडचण तक्ता कोणता ही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात जादा वजनाच्या आणि लठ्ठपणाच्या रेषा १९ व्या वर्षी २५ आणि ३० ला पोचतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांसाठी जे तक्ते दिले, त्यांत त्या रेषा प्रौढ वयातल्या २३ आणि २७ ला जुळवल्या आहेत, कारण आपल्याकडे मधुमेहाचा धोका कमी बीएमआयवरच सुरू होतो. सीमेजवळचे मूल एका तक्त्यात सुटते, दुसऱ्यात सापडते. शाळेने निदान कोणता तक्ता वापरला ते तरी कागदावर लिहावे.

आपल्या शरीरांबद्दलचे हे ज्ञान फार लांबून आलेले नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा मागोवा घेतला. बाळांचे जन्माचे वजन सरासरी पावणेतीन किलोच्या आत. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा ती कितीतरी हलकी, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने जवळपास टिकून होती. कमी पडले होते ते स्नायू. पुढे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बीएमआयच्या मर्यादा सांगायला याहून नेटका पुरावा मला माहीत नाही.

तेव्हा काट्याबरोबर टेपही हवी. पोटाचा घेर बेंबीवर मोजायचा नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचे वरचे हाड यांच्या बरोबर मध्ये, साधा श्वास सोडल्यावर, टेप त्वचेत न रुतवता. शिंप्याची कापडी टेप वापराने ताणते, ती आधी स्टीलच्या पट्टीवर पडताळून घ्यावी. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा: १४० सेंटिमीटरच्या मुलाचा ७० च्या आत. ब्रिटनमध्ये उपचारांचे दंडक ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये पाच वर्षांपुढच्या मुलांसाठीही हाच दंडक स्वीकारला. याला वयाचा तक्ता लागत नाही की गणित लागत नाही. मुलाच्या उंचीइतकी सुतळी कापा, दुमडून निम्मी करा आणि पोटाभोवती धरा. दोन्ही टोके भेटली पाहिजेत. नाही भेटली तर ते निदान नव्हे. डॉक्टरांना दाखवायचे एवढाच त्याचा अर्थ.

आणि एक खूण, जी फुकट दिसते आणि हमखास चुकते. मानेच्या मागे, काखेत कातडी काळपट, जाडसर, मखमली झालेली असते. घरात तिला मळ समजतात. पोराला दगडाने घासतात, लिंबू चोळतात, उटणे लावतात. जादा वजनाच्या मुलात ती बहुधा इन्शुलिनला शरीर दाद देत नसल्याची खूण असते. घासून मान सोलून निघेल, काळेपणा जाणार नाही. आरोग्य तपासणीला येणाऱ्या पथकाने प्रत्येक मुलाची कॉलर दोन बोटे खाली ओढून पाहिली तरी पुष्कळ काही हाती लागेल.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे. मोजूच नका, मुले खट्टू होतात, चिडवाचिडवी वाढते. हे म्हणणे हलके नाही. कॅलिफोर्नियात ७९ शाळांवर चिठ्ठ्या टाकून प्रयोग झाला: काही शाळांत बीएमआय मोजून पालकांना कळवला, काहींत मोजला पण कळवला नाही, काहींत मोजलाच नाही. पालकांना कळवल्याने मुलांच्या वजनात काडीचा फरक पडला नाही. मोजलेल्या शाळांत स्वतःच्या वजनाबद्दलची नाराजी मात्र जास्त दिसली. सिंगापूरने १९९२ मध्ये जादा वजनाच्या मुलांना वेगळे काढून जादा व्यायाम लावला. लठ्ठपणाचे प्रमाण उतरले, पण ‘ती जाडी मुले’ असा शिक्काही बसला, आणि २००७ मध्ये ती योजना गुंडाळली गेली.

यातून ‘मोजू नका’ असा निष्कर्ष काढणारे एक गोष्ट विसरतात. आपल्याकडे डोळ्यांवर विसंबता येत नाही. ‘बाळसेदार’, ‘खात्यापित्या घरचा’ ही कौतुकाची विशेषणे आहेत, आणि दुसऱ्या टोकाला खुजे मूल ‘बापावर गेलंय’ म्हणून सुटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के खुजी निघाली, २५.६ टक्के उंचीच्या मानाने हडकुळी, आणि जादा वजनाची ४.१ टक्के, मागच्या फेरीत हा शेवटचा आकडा १.९ होता. खुजेपणा हलला नाही आणि जादा वजन दुपटीवर गेले. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातली १० ते १९ वयाची २४ टक्के मुले हडकुळी होती, ५ टक्के जादा वजनाची, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर १० टक्के. हा १० चा आकडा त्या ५ मध्ये मावत नाही. म्हणजे बारीक दिसणारी मुलेही त्यात आहेत, आणि ‘फक्त जाड्यांना पळवा’ हे धोरण इथेच निकालात निघते.

म्हणून मोजावे सगळ्यांना, पण पडद्याआड. एका वेळी एक मूल, आकडा मोठ्याने न पुकारता, काट्याची तबकडी मोजणाऱ्याकडे वळवून. वर्गात मोठ्याने वाचला जाणारा तक्ता नको, प्रगतिपुस्तकात शेराही नको. पालकांना एकटा आकडा पाठवू नये. सहा-सहा महिन्यांच्या तीन नोंदींची रेघ पाठवावी. वयात येताना वजन आधी चढते आणि उंची मागून येते, हे मुलींच्या बाबतीत दहा-अकराव्या वर्षीच दिसू लागते. एका नोंदीवर घाबरून तिचा भात बंद करणारे पालक कमी नाहीत.

आणि आता तो न मोजलेला आकडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी आठवड्याच्या सरासरीने रोज ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल करावी आणि निदान तीन दिवस हाडांना-स्नायूंना ताण देणारे काहीतरी, म्हणजे उड्या, चढणे, लोंबकळणे. मध्यम म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतकी धाप. त्याच संघटनेच्या २०१६ च्या आकडेवारीवरून जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुले इतकी हलत नाहीत. मुली ८५ टक्के, मुलगे ७८. शाळा सुटल्यावर क्लास, क्लास सुटल्यावर अंधार, आणि सोसायटीच्या आवारात ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ची पाटी असताना, या ६० मिनिटांतला मोठा वाटा शाळेलाच उचलावा लागणार, हे उघड आहे.

पीटीचा तास ३५ मिनिटांचा धरा. तिसऱ्या मजल्यावरून रांगेत उतरायला आणि परत चढायला दहा मिनिटे गेली. हजेरी, गणवेशाची तपासणी, ‘बूट का नाही?’ यात पाच. उरली वीस. मुले पन्नास, चेंडू एक. क्रिकेट लावले तर दोघे धावतात, एक गोलंदाजी करतो, बाकीचे उन्हात उभे. खो-खो लावला तर? खेळ उत्तमच, पण त्याचा हिशेब पाहा. बसलेले आठ, उठून पळणारा एक, आत आलेले पळणारे तीन. कुठल्याही क्षणी धावणारे चार. उरलेली पन्नासातली अडतीस मुले तर रेषेच्या बाहेर, गवत उपटत. शिवाय आपले निम्मे खेळ बाद होण्याचे. बाद कोण होते? जे सगळ्यांत हळू, सगळ्यांत जड किंवा सगळ्यांत अशक्त, ते पहिल्या मिनिटात. ज्या मुलाला धावण्याची सर्वांत जास्त गरज, त्याला आपण नियमानेच बसवतो, तेही सगळ्यांसमोर.

हे दुरुस्त करायला पैसा लागत नाही. खो-खो पाच-पाचच्या छोट्या रांगा करून चार ठिकाणी लावता येतो. बाद झालेल्याने मैदानाची एक फेरी मारून पुन्हा आत यायचे, एवढा एक नियम बदलला तरी चित्र पालटते. विषामृतात तर कुणी बाद होतच नाही: विष मिळाले की थांब, अमृत मिळाले की पळ. साखळी, डोंगर का पाणी यांतही सगळा वर्ग एका वेळी हलतो. साखळीत तर बाद झालेलाच पकडणारा होतो. पन्नास उड्यांच्या दोऱ्या सुतळीच्या गुंडीतून कापून होतात; तीस सेकंद उड्या, तीस सेकंद विश्रांती, अशा दहा फेऱ्यांत वर्ग घामाघूम होतो. आणि ‘दंगा केलास म्हणून दोन फेऱ्या मार’ ही शिक्षा बंद व्हावी. धावणे म्हणजे शिक्षा असे वर्षानुवर्षे शिकवल्यावर सोळाव्या वर्षी मूल आपणहून धावेल ही अपेक्षा कशाला?

तास खरोखर मोजताही येतो. अमेरिकेत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला यासाठी एक निरीक्षणाची पद्धत तयार झाली. तिचे सोपे रूप असे. हजेरीपटातून डोळे मिटून चार मुले निवडा, त्यांना न सांगता. एकेकाकडे चार-चार मिनिटे लक्ष ठेवा आणि दर २० सेकंदांनी एक खूण करा: आडवा, बसलेला, उभा, चालतो, धावतो किंवा उड्या मारतो. सोळा मिनिटांत ४८ खुणा होतात. शेवटच्या दोन रकान्यांत २४ किंवा जास्त आल्या तर तास बरा चालला. तास मधल्या सुट्टीआधीचा आहे की शेवटचा, मुलगे किती आणि मुली किती, हे शेजारी लिहा. शिक्षकाला दोष देण्यासाठी हा कागद नाही. कुठे वेळ गळतो ते दिसावे म्हणून आहे. जिना, हजेरी की एकच चेंडू, ते महिनाभरात कळते.

मुलींचे प्रमाण आपोआप खाली येते, त्याची कारणेही त्या कागदावर उमटतील. सातवी-आठवीपासून मुली मैदानाच्या कडेला सरकतात. स्कर्ट किंवा ओढणी सांभाळत धावता येत नाही, शौचालयात पाणी नसते, पाळीच्या दिवसांत ‘बाई, बरं नाही’ एवढेच सांगून सुटका होते, आणि मैदानाचा मधला भाग मुलग्यांच्या क्रिकेटने बळकावलेला असतो. पीटीच्या दिवशी सगळ्यांना ट्रॅकपँट आणि मैदानाची वेळ वाटून देणे, ही दोन कामे मुख्याध्यापक एका परिपत्रकात करू शकतात.

वजन हेच यशाचे माप ठेवले तर मात्र शाळेची फसगत होईल. नुसत्या खेळाने वजन फारसे उतरत नाही. खाणे तेच राहिले तर जवळजवळ नाहीच. बदलते ते दुसरे काही: हृदयाची ताकद, इन्शुलिनचा परिणाम, हाडांची घनता, पोटाचा घेर. काट्यावर यांतले काहीच दिसत नाही. सहा महिने मेहनत घेऊनही काटा हलला नाही की मूल हिरमुसते आणि सोडून देते. त्यापेक्षा ६०० मीटरचा वेळ, जागेवरून लांब उडी, बसून पुढे वाकणे हे मोजावे, आणि तुलना त्याच मुलाच्या मागच्या आकड्याशी करावी. स्लोव्हेनियासारखा चिमुकला देश १९८७ पासून दरवर्षी एप्रिलमध्ये आपल्या शाळकरी मुलांची उंची, वजन, दंडावरची चरबी आणि आठ शारीरिक चाचण्या, पालकांच्या संमतीने, घेत आला आहे. तिथे शरीराचे माप आणि शरीराची क्षमता एकाच कागदावर येतात.

‘गावाकडच्या मुलांना वेगळा व्यायाम कशाला’ हेही नेहमीचे. दोन किलोमीटर चालत शाळेत जाणारे मूल आता वडापच्या जीपमध्ये बसते. आणि नंदुरबार-मेळघाटातल्या हडकुळ्या मुलाला खेळवायचे नाही, ताकद जाईल, ही समजूत उलटी आहे. ताण मिळाल्याशिवाय स्नायू वाढत नाही, फक्त ताटही भरलेले हवे. शालेय पोषण आहारात पाचवीपर्यंत ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने असा नियम आहे. तो कागदावर न राहता ताटात उतरला, तर त्या मुलानेही इतरांबरोबर धावावे. फार हडकुळे, धाप लागणारे, पांढरेफटक मूल आधी डॉक्टरांकडे.

सरकारने काय करावे, याची यादी लांबवण्यात अर्थ नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवे असे लिहिले आहे. किती मोठे, ते लिहिलेले नाही. म्हणून पार्किंगच्या पट्ट्यालाही मैदान म्हणता येते. सहावी ते आठवीत शंभरावर मुले असतील तर शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक. पहिली ते पाचवीला तोही नाही, वर्गशिक्षकच सगळे करणार. नेमक्या ज्या वयात पळण्या-झेलण्याची कौशल्ये बसतात, तिथे प्रशिक्षित माणूस नाही. दहावीला तर हा विषय श्रेणीपुरता, आणि परीक्षा जवळ आली की त्याचा तास गणिताला.

या शेवटच्या गोष्टीवर पालकांचे थेट नियंत्रण आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत त्यांनी दोन कागद मागावेत: गेल्या महिन्यात वेळापत्रकातले पीटीचे किती तास प्रत्यक्ष झाले आणि किती दुसऱ्या विषयाला गेले, त्याची वर्गवार नोंद, आणि वर सांगितलेल्या ४८ खुणांचा निदान एक तक्ता, प्रत्येक इयत्तेचा. ते मिळेपर्यंत मुलांच्या बीएमआयचे पत्रक घरी पाठवू नका, असा ठरावही करता येतो.